नव्या आशाताईसाठी: गावात गोवर शिरू नये म्हणून कोणतं काम कधी करायचं

आशा म्हणून रुजू झालात की पहिल्याच महिन्यात इतकी रजिस्टरं हातात पडतात, की आधी कोणतं उघडावं ते समजत नाही. गोवराचं विचाराल तर लसीकरणाचं उघडा. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे. अंगणवाडीत नव्याने लागलेल्या ताईला किंवा पहिल्यांदाच निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यालाही यातलं बरंच कामी येईल. विदर्भातलं गाव डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे, कारण पुण्याकडच्या पुस्तिकेत कापूस वेचणी नसते आणि पोडही (कोलाम आदिवासींची वस्ती) नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. लस फुकट आहे आणि उपकेंद्रापर्यंत येतेच. गोवर शिरतो तो यादीतून सुटलेल्या लेकरांमधून. म्हणून खाली यादीवरच जास्त लिहिलं आहे. बाकीची कामं त्या मानाने सोपी आहेत.

आधी आजार नीट ओळखा

गोवर विषाणूमुळे होतो आणि हवेतून पसरतो. आजारी लेकरू खोकलं, शिंकलं की विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. ते लेकरू अंगणवाडीतून घरी गेलं, तरी नंतर त्याच खोलीत आलेल्याला लागण होऊ शकते. प्रतिकारशक्ती नसलेली दहा लेकरं रोग्याच्या जवळपास असली, तर त्यातल्या नऊ जणांना तो गाठतो. इतक्या वेगाने पसरणारे आजार फार थोडे आहेत.

लागण झाल्यावर साधारण १० ते १२ दिवसांनी जोराचा ताप येतो. सोबत खोकला, वाहणारं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. पहिले तीन-चार दिवस घरच्यांना हे साधं पडसंच वाटतं. याच दिवसांत गालाच्या आतल्या बाजूला बारीक पांढरे ठिपके दिसू शकतात. मग पुरळ उठतं. ते कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला सुरू होतं, चेहऱ्यावरून छाती-पोटावर उतरतं आणि शेवटी हातापायांवर जातं. गोवराच्या पुरळात पाणी भरत नाही. पाण्याचे फोड दिसले तर कांजिण्यांचा विचार करा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे घामोळ्यांनी लेकरांचं अंग लाल होतं, पण त्यात ताप, खोकला आणि लाल डोळे एकत्र येत नाहीत.

एक गोष्ट पाठच करून ठेवा. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून ते पुरळ आल्यानंतर चार दिवसांपर्यंत लेकरू आजार पसरवतं. म्हणजे 'हा गोवर आहे' असं घरच्यांच्या ध्यानात येतं, तोवर ते अंगणवाडीत, आठवडी बाजारात आणि एखाद्या लग्नात फिरून आलेलं असतं. रोगी सापडल्यावर धावपळ करून गाव पूर्ण वाचत नाही, ते यामुळेच.

जीव जातो तो बहुतेक वेळा मागून येणाऱ्या न्यूमोनियाने किंवा जुलाबाने. कान फुटतो, डोळ्याच्या बुबुळाला इजा होऊन दृष्टी जाते, काहींच्या मेंदूला सूज येते. शिवाय जुन्या आजारांशी लढायची शरीराने कमावलेली ताकद गोवर पुसून टाकतो, त्यामुळे पुढचे कित्येक महिने लेकरू सारखं आजारी पडतं. कुपोषित लेकराला हे सगळं दुपटीने भारी जातं. धारणी, चिखलदरा, भामरागड, एटापल्ली या भागांत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

यादी: इथे वेळ घालवा

लसीचं वेळापत्रक छोटं आहे. गोवर आणि रुबेला या दोन आजारांवर एकच लस असते. तिचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बारा महिन्यांच्या आत. दुसरा १६ ते २४ महिन्यांत. उशीर झाला तरी वयाची पाच वर्षं होईपर्यंत राहिलेला डोस देता येतो, फक्त दोन डोसांत किमान एक महिन्याचं अंतर हवं. नऊ महिन्यांआधी आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लेकराच्या अंगात असते आणि ती लसीचं काम पुरतं होऊ देत नाही. साथीत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना कधी वरिष्ठांच्या आदेशाने जादा डोस दिला जातो. तो हिशोबात धरायचा नाही, पुढचे दोन्ही डोस द्यायचेच.

दुसरा डोस कशाला, असं तुम्हालाही वाटेल. नऊ महिने झाल्यावर दिलेल्या एका डोसाने शंभरातली साधारण ८५ लेकरं सुरक्षित होतात. उरलेली १५ कोणती ते कुणालाच बाहेरून कळत नाही. दोन डोसांनंतर हा आकडा ९५ च्या पुढे जातो, आणि गावात गोवर फिरू नये म्हणून दोन्ही डोस घेतलेली लेकरंही शंभरात ९५ तरी लागतात. तीनशे घरांच्या गावात चार-पाच लेकरं सुटली तर विशेष वाटत नाही. पण ती चारही एकाच बेड्यावरची, म्हणजे पारधी वस्तीवरची असतील, तर त्या बेड्यापुरतं संरक्षण शून्य आहे.

म्हणून यादी गावाची करू नका, वस्तीवस्तीची करा. मुख्य गाव वेगळं. मग टोला, तांडा, पारधी बेडा, कोलामांचा पोड, धरणाकडची पुनर्वसित वस्ती, वीटभट्टी, शेतातल्या झोपड्यांवर राहणारे सालदार. प्रत्येकाला वहीत स्वतंत्र पान द्या. महिन्याच्या शेवटी कोणत्या पानावर रिकाम्या चौकटी जास्त आहेत ते लगेच दिसतं. सगळं एका यादीत असलं की मुख्य गावाचं चांगलं काम पोडावरची उणीव झाकून टाकतं.

घरोघर गेल्यावर 'लस झाली का?' असं विचारू नका. 'हो झाली' हेच उत्तर मिळतं, आणि घरची मंडळी खोटंही बोलत नसतात. त्यांच्या लेखी पोलिओचे थेंब म्हणजेही लसच. माता-बाल संरक्षण कार्ड मागा आणि नवव्या महिन्याची व सोळाव्या महिन्यानंतरची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कार्ड पेटीत, डाळीच्या डब्यात, कधी माहेरी असतं. सापडेपर्यंत थांबा. नाहीच सापडलं तर सिस्टरकडच्या (उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या) रजिस्टरात किंवा यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत शोधा. तिथेही नोंद नसेल तर डोस झालाच नाही असं धरायचं. चुकून एक डोस जास्त झाला तर काही बिघडत नाही.

जन्मतारीख माहीत नसेल तर सण धरून विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर? महालक्ष्म्यांना बाळ किती दिवसांचं होतं? समजा बाळ पोळ्याच्या आसपास, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी जन्मलं. मेच्या शेवटी त्याला नऊ महिने होतात. तेव्हा शेतीची कामं थोडी मोकळी असतात, पहिला डोस सहज होतो. सोळावा महिना मात्र डिसेंबरच्या शेवटी भरतो आणि तेव्हा आई कापूस वेचायला गेलेली असते. त्यात पहिल्या डोसानंतर कित्येक महिने टोचणं नसल्यामुळे घरच्यांच्या मनातून विषय गेलेला असतो. दुसरा डोस सुटतो तो असा. वहीत प्रत्येक लेकरापुढे सोळावा महिना ज्या इंग्रजी महिन्यात येतो त्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा. पुढच्या वर्षी स्वतःचेच आभार मानाल.

आता फिरती लेकरं. बाळंतपणाला माहेरी गेलेली सून, तिचं बाळ ना सासरच्या यादीत ना माहेरच्या. वीटभट्टीवर आलेली कुटुंबं, संत्र्याच्या बागेतले मजूर, मेळघाटातून कामाला बाहेर पडलेली कोरकू मंडळी, तेंदूपत्त्याला जंगलात जाणारे. नियम सोपा आहे: लेकरू आज तुमच्या हद्दीत झोपत असेल तर ते तुमच्या यादीत. लस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते, रहिवासाचा पुरावा लागत नाही. बाहेर जाणाऱ्या कुटुंबाचा मोबाईल नंबर घ्या, तिकडच्या आशाला किंवा सिस्टरला कळवा आणि कार्ड सोबत न्यायला सांगा. मेळघाटात होळीला सारं गाव परत येतं. तो आठवडा सोडू नका; होळीच्या आधीच सिस्टरशी बोलून त्या दिवसांत जादा सत्र मागून घ्या. आपल्याकडे गोवर जास्त दिसतो तोही हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे याच सुमाराला.

लसीकरणाचा दिवस

आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी निरोप गेला पाहिजे. दवंडी, देवळावरचा भोंगा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे सगळं वापरा, पण उंबऱ्यावर जाऊन सांगितलेलं जास्त लागू पडतं.

ही लस भुकटीच्या रूपात येते आणि द्रावकात मिसळून देतात. मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरायची, नंतर उरलेली फेकायची. अकरा वाजता मिसळली तर तीननंतर ती टोचता येत नाही. पण कापसाच्या दिवसांत मजूर बाई सकाळी सातला घर सोडते आणि दिवस बुडताना परतते, म्हणजे सत्राची वेळ आणि तिची वेळ कधी जुळतच नाही. याला दोन उपाय आहेत. आजीला किंवा मोठ्या जावेला बाळ आणायला तयार करा. आईच हवी असा नियम नाही. नाहीतर वेचणीच्या महिन्यांत एखादं सत्र सकाळी लवकर, थेट तांड्यावर घ्यायला सिस्टरला सांगा. सांगायला संकोच करू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत हा मुद्दा आशानेच मांडायचा असतो, कारण कोण किती वाजता शेतात जातं ते तिलाच ठाऊक.

एका कुपीत अनेक डोस असतात, म्हणून एकच लेकरू आलं तर 'पुढच्या महिन्यात या' असं म्हणण्याचा मोह कुणालाही होतो. तसं करायचं नाही. एका लेकरासाठीही कुपी उघडायची अशीच सूचना आहे. परत पाठवलेलं लेकरू पुढच्या महिन्यात येईलच याची खात्री कोण देणार?

साधी सर्दी, हलका ताप, थोडे जुलाब किंवा अशक्तपणा असला तरी लस देता येते. कुपोषित लेकराला तर आधी द्यायची. गंभीर आजारी लेकरू, आधीच्या डोसाला जोराची अ‍ॅलर्जी आलेलं लेकरू, प्रतिकारशक्ती फार खालावलेलं लेकरू आणि गरोदर बाई यांच्याबाबत डॉक्टर ठरवतील. पहिल्या डोसासोबत 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोसही असतो. तो पाजल्याशिवाय बाळ घरी जाऊ देऊ नका. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवा आणि त्या वेळात चार गोष्टी सांगा: आज कोणती लस दिली, पुढची कधी आणि कुठे, त्रास झाला तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं.

त्रासाचं आधीच सांगितलेलं बरं. काही लेकरांना साधारण सहा ते बारा दिवसांनी थोडा ताप येतो, क्वचित अंगावर बारीक पुरळही दिसतं. ते दोन-तीन दिवसांत जातं आणि दुसऱ्याला लागत नाही. हे आधी सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी सासू तुमच्या दारात उभी राहते: 'लसीनंच गोवर आणला.'

घरातून हरकत आली तर

वऱ्हाडात ऐकू येणारं ठरलेलं वाक्य: 'आता कायची सुई, ताई? साऱ्या सुया तर झाल्या न पोराच्या!' यावर भाषण नको. कार्ड उघडा, रिकामी चौकट दाखवा: 'माय, हे एवढं एक घर रिकामं हाये. हे भरलं का झालं.' रिकामी चौकट दिसली की बोलणं बहुतेकदा तिथेच संपतं.

'आमच्या वेळी सगळ्यांना गोवर निघायचा, काही होत नव्हतं,' असं आजोबा म्हणतील. जे दगावले ते सांगायला नाहीत, हे त्यांच्या तोंडावर म्हणू नका. त्या काळी घरात किती लेकरं गेली, एवढंच आजीला हळूच विचारा. ती स्वतःहून सांगते.

मग मातामायचा विषय निघतो. पुरळ उठलं की देवी आली असं मानून दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, घरात फोडणी देत नाहीत, बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत. नव्या ताईने यावर वाद घालून काहीच मिळवू नये. बाहेरच्याला आत न घेणं ही तर आपल्याला हवीच असलेली गोष्ट आहे. त्या प्रथेला धरूनच सांगा: शेजारची पोरंही येऊ देऊ नका, आणि हेही जाऊ नये. डहाळा राहू द्या. अडायचं फक्त तीन ठिकाणी: लेकराचं खाणं-पिणं तोडलं तर, डोळ्यात काही घातलं तर, आणि दवाखान्यात न्यायला उशीर केला तर. मेळघाटात भूमका आणि गडचिरोलीकडे पुजारी या गावच्या वैदू-मांत्रिकांशीही हेच धोरण ठेवा. लेकरू आधी त्यांच्याकडे जाणार हे माहीतच आहे, तर धोक्याची लक्षणं त्यांनाच शिकवून ठेवा.

लसीने पोरं नापीक होतात ही अफवाही अधूनमधून फिरते. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींना ही लस देण्याची मोहीम झाली. तेव्हा टोचून घेतलेल्या कितीतरी मुली आज आया आहेत. गावातलीच दोन-तीन नावं सांगा. खरं तर लसीतला रुबेलाचा भाग पुढच्या बाळंतपणासाठीच कामाचा आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकतं.

ताप आणि पुरळ दिसलं तर

पक्कं निदान करत बसू नका. ताप आणि अंगावर पुरळ एवढं दिसलं की त्याच दिवशी सिस्टरला किंवा आरोग्य सेवकाला फोन. रक्ताचा नमुना पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत घेता येतो, पण जितका लवकर तितका चांगला. लेकराचं नाव, वय, पुरळ कधी उठलं ती तारीख, किती डोस झाले, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे जाणं-येणं झालं ते लिहून ठेवा. शेवटची माहिती नवे लोक विसरतात, आणि आजार कुठून आला त्याचा माग त्यातूनच लागतो. तालुक्यात चार आठवड्यांत असे पाच संशयित सापडले, तर साथ समजून पुढची यंत्रणा हलते. तुमची एक न केलेली नोंद तो आकडा चारवर अडकवू शकते.

लेकराला घरातल्या वेगळ्या, उजेडाच्या आणि वारा खेळणाऱ्या खोलीत ठेवायला सांगा. एकच खोली असेल तर खिडकी-दार उघडं ठेवा आणि लस न झालेल्या भावंडांना शक्य असेल तर दूर झोपवा. पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस अंगणवाडी, शाळा, बाजार, लग्न, सगळं बंद. कुपोषित लेकरू जास्त दिवस पसरवू शकतं, त्याच्याबाबत डॉक्टरांना विचारा. गरोदर बाई आणि तान्ही बाळं त्या घरापासून लांबच राहोत. आहार मात्र घरपोच गेला पाहिजे. हे अंगणवाडी ताईशी त्याच दिवशी ठरवा.

मग आजूबाजूची घरं. संपर्कात आलेल्या, डोस राहिलेल्या लेकराला ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तुमची वस्तीनिहाय वही असेल तर पाच मिनिटांत नावं निघतात. नसेल तर ते तीन दिवस यादी करण्यातच जातात. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगाव या भागांत साथ उसळली, तेव्हाही कोरोनाच्या काळात लस राहून गेलेली लेकरं शोधण्यातच यंत्रणेचा मोठा वेळ गेला.

आजारी लेकराची घरची काळजी

गोवर मारणारं औषध नाही, सांभाळावं लागतं. अंगावरचं दूध चालू ठेवा, मोठ्या लेकराला पेज, कण्या, मुगाचं पातळ वरण, मऊ भात थोडा थोडा वारंवार द्या. तोंड आलेलं असतं, म्हणून तिखट नको. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे सांगितलेल्या मापाने. ॲस्पिरिन नको. जुलाब असतील तर ओआरएस. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळं फडकं. काजळ, झाडपाल्याचा रस, दूध असलं काहीही डोळ्यात जाता कामा नये.

'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस सलग दोन दिवस द्यायचे असतात. डोळे आणि जीव दोन्ही वाचवायला याचा मोठा उपयोग होतो. नेहमीचा डोस नुकताच झाला असला तरी गोवरातले डोस वेगळे, असं सिस्टरला आठवण करून द्या. माप वयाप्रमाणे त्या ठरवतील.

पुढचं काही दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका: श्वास जोरात चालणं, छाती आत ओढली जाणं, काहीच न पिणं, सगळं उलटून पडणं, झटके, गुंगी, बुबुळ पांढुरकं होणं, जुलाबाने डोळे खोल जाणं. श्वास मोजायला शिका. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघत मोजायचं. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर तो वेगाचा श्वास. मोबाईलच्या घड्याळावर तुमच्याच घरच्या लेकरावर सराव करा. पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं.

पुरळ गेल्यावर

अंगावरचे डाग काळसर होतात, कातडीचा कोंडा निघतो आणि घरचे निश्चिंत होतात. तुम्ही होऊ नका. न्यूमोनिया आणि जुलाब या काळातही येतात. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक चक्कर टाका आणि अंगणवाडीत वजन करून घ्या. वजन घसरलं असेल तर एक जेवण जादा सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा. कान वाहतो का, अंधार पडल्यावर लेकरू चाचपडतं का, हे आईला विचारा.

आणि त्याची राहिलेली लस विसरू नका. 'गोवर होऊन गेला, आता कशाला?' असं घरचे म्हणतील. पण पुरळाचा प्रत्येक ताप गोवर नसतो, आणि गोवरच असला तरी लसीतलं रुबेलाचं संरक्षण त्याला मिळालेलं नसतं. लेकरू बरं झाल्यावर वेळापत्रकाप्रमाणे डोस द्यायचाच. वहीतल्या त्याच्या नावापुढे पुढच्या सत्राची तारीख पेन्सिलने लिहा, आणि टोचून झालं की पेनाने गिरवा.